देहबोली : न बोललेले ऐकताना

सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. शाखेत गर्दी असते. एक वयस्क गृहस्थ मुदत ठेवीचा अर्ज घेऊन खिडकीपाशी येतात. कर्मचारी संगणकावरची नजर न हलवता व्याजदर, मुदत, मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास होणारी कपात असे सारे भराभर सांगतो आणि विचारतो, "समजलं ना, काका?" काका मान डोलावून "हो, हो" म्हणतात. मात्र त्यांचे बोट अर्जातील एकाच ओळीवर थबकलेले असते आणि कपाळावरची आठी तशीच असते. तोंड म्हणते 'समजले', बोट म्हणते 'नाही'. या दोहोंपैकी कोणते उत्तर खरे मानायचे?

शब्दांखेरीज जे बोलते ते

चेहऱ्यावरील भाव, नजर, हातवारे, उभे राहण्या-बसण्याची ढब, आवाजातील चढउतार, दोन व्यक्तींमधील अंतर, पोशाख, इतकेच नव्हे तर मौनसुद्धा संवाद साधत असते. यालाच अशाब्दिक संवाद म्हणतात. हा विषय आपल्याला नवा नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी शब्दांवर उभा असलेला प्रकार एकच, तो म्हणजे वाचिक. घाम फुटणे, कंप सुटणे, आवाज बदलणे, चेहऱ्याचा रंग उतरणे ही सात्त्विक भावांची लक्षणे होत. दैनंदिन जीवनात ती बहुधा आपल्या इच्छेला न विचारताच प्रकट होतात.

आधुनिक काळात चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये माणूस व प्राणी यांच्या भावदर्शनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये माणसामाणसांतील अंतराचा अर्थ उलगडला. त्यांच्या निरीक्षणानुसार सुमारे दीड फुटांच्या आतील जागा अगदी जिवलगांची, तेथून चार फुटांपर्यंतची परिचितांची आणि चार ते बारा फुटांची औपचारिक व्यवहाराची. ही मापे त्यांनी अमेरिकेतील लोकांवरून काढली होती. समाज बदलला की ती बदलतात, हेही त्यांनीच स्पष्ट केले. मुंबईच्या लोकलमधील प्रवाशाला हे वेगळे सांगायला नको! तरीही एटीएमपाशी कोणी खांद्याला खांदा भिडवून उभा राहिला, तर त्याच प्रवाशाला अवघडल्यासारखे होते. अंतराचा अर्थ प्रसंगावर ठरतो तो असा.

एक लोकप्रिय गैरसमज

'संवादात शब्दांचा वाटा अवघा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि चेहऱ्याचा ५५ टक्के' हे विधान अनेक प्रशिक्षण वर्गांत ऐकायला मिळते. त्याचे मूळ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांत आहे. ते प्रयोग सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याची छायाचित्रे यांवर आधारलेले होते. भावना किंवा आवडनिवड व्यक्त करताना शब्द आणि भाव यांत विसंगती दिसली, तर ऐकणारा कशावर विसंबतो, एवढ्यापुरतेच ते मर्यादित होते. व्याजाचा दर कोणी चेहऱ्यावरून ओळखू शकत नाही. तेथे शब्द आणि आकडेच हवेत.

खुणांचा शब्दकोश नसतो

हाताची घडी म्हणजे विरोध, नजर चुकवणे म्हणजे खोटेपणा, अशी ठोकळेबाज समीकरणे धोक्याची ठरतात. हाताची घडी वातानुकूलन यंत्राच्या गारव्यामुळेही घातलेली असेल. वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे ही आपल्याकडे अनेक घरांत अदब मानली जाते. बदली होऊन दक्षिणेत गेलेल्या मराठी अधिकाऱ्याला समोरच्याने मान डावी-उजवीकडे कलती केली की प्रथम नकार वाटतो. वास्तविक तो होकार असतो.

म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात. प्रसंग कोणता आहे? या व्यक्तीच्या नेहमीच्या वागण्यापेक्षा काही वेगळे दिसते का? आणि एकाच खुणेऐवजी अनेक खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात का? तरीही निष्कर्ष काढू नये. खूण हे उत्तर नसते, तो विचारण्याजोगा प्रश्न असतो.

लक्ष दिल्याने वाचलेली पुंजी

तथाकथित 'डिजिटल अटक' या फसवणुकीत भामटे अशाब्दिक संवादाचाच गैरवापर करतात. व्हिडिओ कॉलवर पोलिसी गणवेश, मागे कार्यालयाचा देखावा आणि दरडावणीचा सूर! वास्तविक आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. अशा वेळी घाबरलेला ग्राहक शाखेत येऊन 'घरचे काम आहे' असे सांगतो. पण फोन चालू असतो, नजर पुनःपुन्हा त्याकडे वळते, हात थरथरतात आणि जन्मभराची ठेव तातडीने मोडायची असते. हे पाहून एखाद्या कर्मचाऱ्याने त्यांना बाजूला बसवून, पाण्याचा पेला देऊन शांतपणे चौकशी केल्यामुळे ज्येष्ठ नागरिकांची पुंजी वाचल्याची उदाहरणे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली आहेत. अशा फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर त्वरित करता येते.

आरंभ स्वतःपासून

दुसऱ्याची देहबोली वाचण्याआधी आपली तपासावी. पासबुक खिडकीतून सरकवणे आणि हातात देणे यांत एका क्षणाचाही फरक नाही. मात्र त्यांचा अर्थ अगदी वेगळा आहे. ग्राहकांनीही लक्षात ठेवावे की, समजले नसता मान डोलावणे हा संकोच असतो, सौजन्य नव्हे. 'पुन्हा सांगाल का?' असे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

आता त्या खिडकीकडे पुन्हा वळू. कर्मचाऱ्याने पडद्यावरची नजर काढून त्या थबकलेल्या बोटाकडे पाहिले आणि "काका, ही कपातीची ओळ पुन्हा सांगू का?" एवढे विचारले, तर दोन मिनिटे अधिक लागतील. मात्र त्यानंतर अर्जावर होणारी सही खऱ्या अर्थाने समजून केलेली असेल.