वॉरंटी, एक्स्टेंडेड वॉरंटी, सर्व्हिस पॅकेज : कागद वेगळे, अर्थ वेगळे



मागच्या बैठकीत मासळीच्या पिकअपचा विषय निघाला आणि बोलता बोलता गोष्ट गेली ती आपल्या एका सभासदाच्या मुलाच्या मोटारीवर. गणेशगुडीच्या बाजूला त्याचं होमस्टे आहे. त्याने कर्ज काढून एक जुनी जर्मन गाडी घेतली. विकणारा म्हणाला, "पॅकेज आहे अजून, काळजी नको." पहिल्याच पावसाळ्यात गाडी एका बाजूला बसली. एअर सस्पेन्शन गेलं. वर्कशॉपने एक लाख चाळीस हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. मुलगा म्हणतो, पॅकेज आहे. ते म्हणतात, आहे ना, ऑइल-फिल्टरचं आहे.

तसं बघितलं तर खोटं कोणीच बोललं नाही. पण "पॅकेज" या एका शब्दात मुलाने सगळं धरलं आणि कागदात तेवढं नव्हतं. आपल्यालाही लवकरच गाडी घ्यायची आहे, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो. गाडी ऐंशी लाखांची असो की आठ लाखांची, कागदांचे प्रकार तेच असतात.

पहिला कागद, कंपनीची वॉरंटी. ही गाडीच्या किमतीतच येते. कंपनीने भाग चुकीचा बनवला किंवा चुकीचा बसवला आणि त्यामुळे तो बिघडला, तर ती फुकट दुरुस्त करून किंवा बदलून देते. वापरून झिजलेलं यात येत नाही. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, टायर ही झीज. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा ते बनवणाऱ्या कंपनीची वेगळी असते. मुदत वर्षांत आणि किलोमीटरमध्ये लिहिलेली असते, जे आधी पूर्ण होईल ते धरतात. रोज मासळी घेऊन धावणाऱ्या गाडीचे किलोमीटर वर्षांच्या आधीच संपतात, हे लक्षात ठेवा.

दुसरा, एक्स्टेंडेड वॉरंटी. ही पैसे भरून घ्यायची आणि साधारणपणे पहिली वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते. नाव "वाढीव" असलं तरी पहिल्या वॉरंटीतलं सगळं यात असेलच असं नाही. इंजिन, गिअरबॉक्स असतात. सस्पेन्शन, रबरी भाग, स्क्रीन, सेन्सर कधी असतात, कधी वगळलेले असतात. काही ठिकाणी एका दुरुस्तीला रकमेची मर्यादाही असते. म्हणून काय मिळतं ते वाचण्याआधी काय मिळत नाही ते पान वाचा.

तिसरा, सर्व्हिस पॅकेज किंवा एएमसी. म्हणजे ठरलेल्या सर्व्हिसचे पैसे आधीच भरून ठेवणं. साध्या पॅकेजमध्ये ऑइल, फिल्टर, तपासणी आणि मजुरी. महागड्या पॅकेजमध्ये ब्रेक पॅड, डिस्क, वायपरसुद्धा. बिघाड झाला तर त्याचा याच्याशी संबंध नाही. त्या मुलाकडे होतं ते हेच.

चौथा, विमा. अपघात, चोरी, पूर हे विम्याचं काम. पण पाण्यात गाडी बंद पडली आणि पुन्हा स्टार्टर मारताना इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर साध्या विम्यात तो खर्च बहुधा मिळत नाही. त्याला "इंजिन प्रोटेक्शन" हे जोड-कव्हर लागतं. काळीच्या खोऱ्यात राहणाऱ्याने ते घेतलेलं बरं. आणखी एक: पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याला फिरवली आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

आता आपल्या इथल्या गोष्टी बघूया. सुपा बॅकवॉटरला होडी उतरवायला पिकअप मागे घेत घेत अर्धं चाक पाण्यात घालतो आपण. बेअरिंगमध्ये, डिफरन्शियलमध्ये पाणी गेलं तर तो कंपनीचा दोष ठरत नाही. बर्फाचं पाणी आणि मासळीचं रक्त हौद्यात साचून पत्रा गंजला, तर तोही नाही. गंजाची वॉरंटी असली तरी ती बहुतेक वेळा पत्रा आतून आरपार सडण्याची असते, वरच्या गंजाची नसते. कॅनमधलं डिझेल ओतलं आणि इंजेक्टर बसले, उंदराने वायर कुरतडली, खड्ड्यात रिम वाकली, यातलं काही वॉरंटीत येत नाही. होडीच्या आउटबोर्ड इंजिनलाही हाच नियम. त्यात हौसेसाठी वापर आणि धंद्यासाठी वापर यांची मुदत बऱ्याचदा वेगळी असते. बिलावर काय लिहिलंय ते घेतानाच बघा.

"बाहेरच्या मेकॅनिककडे नेली की वॉरंटी गेली" हे आपण नेहमी ऐकतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध निर्णय दिला. त्यात मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूही होत्या. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारा, असं आयोगाने सांगितलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. तरीही आमचा सल्ला असा, की मुदत आहे तोवर ठरलेली सर्व्हिस वेळेवर अधिकृत ठिकाणीच करा. दुरुस्ती नाकारायला सगळ्यात सोपं कारण "सर्व्हिस चुकली" हेच असतं. जोयड्याहून वर्कशॉपला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, त्या दिवसाचा धंदा बुडतो, हेही हिशेबात धरा. पंक्चरला किंवा रात्री गाडी बंद पडली तर आपला गावचा मेकॅनिकच उपयोगी.

डीलर आणि कंपनी एकच, असंही समजू नका. शेजारच्या गोव्यातलं प्रकरण आहे. २०११ मध्ये एका ग्राहकाने टाटा मोटर्सची गाडी नवी म्हणून घेतली. निघाली २००९ सालची, ६२२ किलोमीटर चाललेली. ग्राहक मंचाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदारीतून मोकळं केलं. डीलरच्या या कृत्याची कंपनीला माहिती होती असा पुरावा नव्हता आणि दोघांचे व्यवहार स्वतंत्र होते, हे कारण. शोरूममधल्या माणसाने तोंडी दिलेला शब्द कंपनीवर बांधील नसतो, हा त्यातला धडा. शब्द दिला तर लेटरहेडवर सही-शिक्क्यासह घ्या. चेसिस नंबरवरून गाडीचं उत्पादन वर्ष तपासून मगच पैसे द्या.

भांडायची वेळ आलीच तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची. राहत्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे आपल्याला कारवारला. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली गाडी "व्यापारी हेतू"त धरत नाहीत. सोसायटीच्या नावावर गाडी असली तर मात्र समोरचा हा मुद्दा काढणार. जुलै २०२४ मध्ये मर्सिडीजच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की हेतू काय होता हे प्रत्येक प्रकरणात वेगळं बघायचं. कंपनीने संचालकांच्या वापरासाठी घेतलेली गाडी म्हणून तक्रार बाद होत नाही. पण त्यातल्या एका प्रकरणातल्या गाड्या २००३ च्या होत्या! निकालाला वीस वर्षं. म्हणून भांडणापेक्षा आधी वाचणं स्वस्त.

तर पिकअप घेण्याआधी हे करू :

१. वॉरंटीचं पुस्तक बुकिंगच्या आधी मागायचं. "डिलिव्हरीला देतो" चालणार नाही.
२. एक्स्टेंडेड वॉरंटीतल्या वगळलेल्या भागांची यादी बैठकीत मोठ्याने वाचायची.
३. पॅकेजचा खर्च आणि तेवढ्याच सर्व्हिसचा सुटा खर्च शेजारी शेजारी लिहून बघायचा.
४. जुनी गाडी असेल तर वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का, हे अधिकृत वर्कशॉपकडून लेखी घ्यायचं.
५. प्रत्येक वेळी जॉबकार्ड घ्यायचं. आपली तक्रार त्यावर आपल्या शब्दांत लिहिलेली पाहिजे. बिघाड दोन-तीनदा आला हे सिद्ध करायला तोच कागद लागतो.

त्या मुलाची गाडी अजून वर्कशॉपमध्येच उभी आहे. हप्ता मात्र दर महिन्याला जातोय. त्याने स्वतःच सांगितलं, "माझं नाव घालू नका, पण सगळ्यांना सांगा." म्हणून सांगितलं.

पिकअपच्या कोटेशनचे कागद सोसायटीत ठेवले आहेत. चष्मा घेऊन या, एकदा सगळ्यांनी वाचा आणि मगच बैठकीत हात वर करा.