हक्क की मेहेरबानी?

ऐरोली-महापेच्या संगणक कंपन्यांत आज आपली मुलेमुली काम करतात. ओपन सोर्स म्हणजे फुकटचे सॉफ्टवेअर, एवढ्यावर त्यांनी थांबू नये. परवान्यात काय लिहिले आहे, ते वाचावे.

रेडिस या डेटाबेसचा परवाना सैल होता. कोणीही घ्या, वापरा, विका. बड्या क्लाउड कंपन्यांनी तो भाड्याने देऊन कमाई केली, तेव्हा मालक कंपनीने मार्च २०२४ मध्ये पुढच्या आवृत्त्यांचा परवानाच बदलला. भांडण धनदांडग्यांचे; बाहेरून फुकट राबलेल्यांना कोण विचारतो? मात्र आधी खुला केलेला कोड परत घेता आला नाही. त्यातूनच त्याच महिन्यात ‘व्हॅल्की’ उभे राहिले. गंमत म्हणजे त्यामागेही अमेझॉन होतीच! मे २०२५ मध्ये रेडिस पुन्हा खुल्या परवान्याकडे वळले.

लिनक्सचे तसे नाही. बदल करून दुसऱ्याला दिलेत तर कोडही द्या, असे त्याचा जीपीएल परवाना बजावतो. शिवाय मालकी हजारो लिहिणाऱ्यांत विभागलेली. एकट्या कंपनीला दार लावता येत नाही. हा हक्क झाला. रेडिसचे वापरणारे मेहेरबानीवर होते.

सरकारी ॲप्लिकेशनचा कोड खुला करावा, असे केंद्राचे २०१५ चे धोरण आहे. बेलापूरच्या सी-डॅकमध्ये जनतेच्या पैशातून बनलेल्या कोणत्या सॉफ्टवेअरला कोणता परवाना लावला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्ज मराठीतही चालतो.