वणव्याचा ठिपका

फाल्गुन-चैत्रात महाड-पोलादपूरच्या डोंगरांवर रात्री एक लाल रेघ हळूहळू चढताना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तो वणवा. २२ जुलै २०२१ च्या दरडीमुळे ज्या तळीयेचे नाव सर्वांना ठाऊक झाले, त्या परिसरातील गवताळ उतारही उन्हाळ्यात असे पेटतात. ही अरुंद रेघ सुमारे ८२५ किलोमीटर उंचीवरून उपग्रहाला दिसते तरी कशी?

सुओमी एनपीपी उपग्रहावरील ‘व्हिअर्स’ हे उपकरण जमिनीचे ३७५ मीटर लांब-रुंद चौकोन पाहते. एका चौकोनात सुमारे ३५ एकर जमीन मावते. त्यात १४० मीटर लांब व १ मीटर रुंद आग म्हणजे हजारातला एक भाग!

येथे पदार्थविज्ञान मदतीला येते. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रारणे बाहेर टाकते. रात्री ३०० केल्व्हिन तापमानाची जमीन मुख्यतः १० मायक्रॉनच्या आसपासची अवरक्त प्रारणे देते, तर १००० केल्व्हिनची आग ३ मायक्रॉनजवळची. प्लांकच्या सूत्राने हिशेब केला, तर ११ मायक्रॉनला आग तेवढ्याच जमिनीच्या सुमारे २९ पट तेजस्वी ठरते. ४ मायक्रॉनला मात्र तब्बल ४५०० पट! म्हणजे आपल्या हजारांश आगीने ११ मायक्रॉनला चौकोन जेमतेम ३ टक्क्यांनी उजळतो, पण ४ मायक्रॉनला आगीचा वाटा उरलेल्या साऱ्या जमिनीच्या साडेचार पट भरतो. (दिवसा पाण्यावरून किंवा पत्र्यावरून परावर्तित झालेले ऊन कधी कधी चकवते, कारण सूर्यप्रकाशातही ४ मायक्रॉनची प्रारणे असतात.)

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून अशा आगींच्या सूचना राज्यांच्या वनखात्यांना देत आली आहे. नकाशावरचा ठिपका चौकोनाच्या मध्यावर पडतो. आग कड्याच्या वर आहे की खाली, राब भाजला आहे की वणवा, हे वनरक्षकाने जाऊनच पाहायचे.

खरी अडचण वेळेची आहे. हा उपग्रह दुपारी आणि मध्यरात्रीनंतर, साधारण दीड वाजता डोक्यावरून जातो. गवत भराभर जळते. दुपारी चारला पेटलेला उतार रात्री दहाला विझला, तर ठिपका उमटणारच नाही. इन्सॅट-३डीएस दर अर्ध्या तासाने पाहतो खरा, पण त्याचा चौकोन ४ किलोमीटरचा. आपली रेघ त्यात लाखातला एक भाग. ४ मायक्रॉनलाही वाढ फक्त ४ टक्के. पुढे लँडसॅटच्या चित्रात जळलेला काळा डाग दिसतो, पण तोवर विझवण्याजोगे काही उरलेले नसते.