दारीनचा तह : रोख आणि हुंडी

इराणच्या आखातात कतीफच्या किनाऱ्यालगत तारूत नावाचे एक लहानसे बेट आहे. २६ डिसेंबर १९१५ रोजी या बेटावरील दारीन या गावी ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी सर पर्सी कॉक्स आणि नज्दचे अमीर अब्दुल अझीझ इब्न सौद यांनी सात कलमांचा एक तह केला. तो काळ साम्राज्याच्या दृष्टीने कसोटीचा होता. गॅलिपोलीतून माघार सुरू झाली होती. मेसोपोटेमियात जनरल टाउनशेंड यांची सहावी पुणे डिव्हिजन, तीतील मराठा पलटणींसह, डिसेंबरच्या आरंभापासून कुत येथे तुर्की वेढ्यात सापडली होती. अशा वेळी वाळवंटातील एका अमिराची मैत्रीही मोलाची ठरते, आणि मोलाच्या वस्तूला किंमत मोजावी लागते.

तहान्वये नज्द, अल हसा, कतीफ व जुबैल हे प्रदेश इब्न सौद यांचे असल्याचे ब्रिटनने मान्य केले आणि परकीय आक्रमण झाल्यास साहाय्याचे अभिवचन दिले. त्याच्या बदल्यात अमिरांनी अन्य कोणत्याही परराष्ट्राशी पत्रव्यवहार वा करार करू नये, ब्रिटनच्या संमतीवाचून आपली भूमी विकू नये, गहाण टाकू नये किंवा तीवर कोणास सवलती देऊ नयेत, तसेच कुवेत, बहारीन, कतार व ओमानचा किनारा येथील शेखांच्या मुलखाला उपद्रव देऊ नये, असे ठरले. वारसदेखील ब्रिटिशविरोधी असता कामा नये, अशी अट होती.

वसईची आठवण

हा मसुदा मराठी वाचकास अपरिचित वाटू नये. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने परराज्यांशी स्वतंत्रपणे बोलणी करण्याचा अधिकार असाच गमावला होता. हे साम्य आकस्मिक नव्हे. आखातातील ब्रिटिश रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या आणि नंतर हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत होती. संस्थानिकांशी वागताना घडलेली रीतच बहारीनशी १८९२ मध्ये आणि कुवेतशी १८९९ मध्ये झालेल्या करारांत उतरली. दारीनच्या तहावरील मंजुरीची मोहोरदेखील १८ जुलै १९१६ रोजी सिमल्यात, व्हाइसरॉयच्या हस्ते उमटली.

परंतु साम्य येथेच संपते. पेशव्याने तैनाती फौजेच्या खर्चासाठी सव्वीस लक्षांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला आणि वर ती फौज स्वतःच्या राज्यात उभी करून घेतली. इब्न सौद यांच्या राज्यात ब्रिटिश पलटण आलीच नाही. उलट १९१७ पासून त्यांना दरमहा पाच हजार पौंड मिळू लागले. तुर्कांवर चाल करून जाण्याचे बंधनही तहात नव्हते. संरक्षणासाठी पैसे देणारा आणि तटस्थतेसाठी पैसे घेणारा यांच्या कलमांतील शब्द सारखे असले, तरी त्यांचा ताळेबंद एक असू शकत नाही.

मोठी हुंडी

याच काळात साम्राज्याचा दुसरा हात कैरोहून निराळाच व्यवहार करीत होता. ईजिप्तमधील ब्रिटिश हायकमिशनर सर हेन्री मॅकमहॉन यांनी मक्केचे शरीफ हुसेन यांना २४ ऑक्टोबर १९१५ च्या पत्रात अरबांच्या स्वातंत्र्यास मान्यता देण्याचे आश्वासन दिले. मात्र दमास्कस, होम्स, हमा व अलेप्पो यांच्या पश्चिमेचा प्रदेश वगळला, बगदाद व बसऱ्यासाठी खास व्यवस्था राखून ठेवली आणि फ्रान्सच्या हितसंबंधांची मेख मारून ठेवली. पॅलेस्टाइनचा नावाने उल्लेखही नव्हता. आश्वासन भव्य होते, पण त्याचा तह झाला नाही; ती केवळ पत्रे राहिली.

त्या पत्रांच्या भरवशावर हुसेन यांनी जून १९१६ मध्ये तुर्कांविरुद्ध बंड पुकारले. त्यांना दरमहा लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळत होती हे खरे; परंतु त्यासाठी त्यांना आपली माणसे आणि आपले सिंहासन पणाला लावावे लागले. बंडाच्या आधीच, मे १९१६ मध्ये, साइक्स-पिको करारान्वये ब्रिटन व फ्रान्स यांनी अरब प्रदेशांची आपसांत गुप्त वाटणी करून ठेवली होती. नोव्हेंबर १९१७ मध्ये बॅल्फोर घोषणेने पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय निवासस्थानास पाठिंबा जाहीर झाला. एकाच मालमत्तेवर तीन हुंड्या निघाल्या, आणि मालमत्तेच्या खऱ्या धन्यांना, तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जनतेला, कोणी विचारलेही नाही.

वटणावळीची वेळ

युद्धकाळात लिहिलेली हुंडी वटवण्याची वेळ युद्ध संपल्यावर येते, आणि तोपर्यंत लिहून देणाऱ्याची गरज संपलेली असते. एप्रिल १९२० मध्ये सान रेमो येथे सीरिया फ्रान्सकडे, इराक व पॅलेस्टाइन ब्रिटनकडे सोपविण्यात आले. ही व्यवस्था मान्य करण्याचा तह घेऊन १९२१ मध्ये कर्नल लॉरेन्स हुसेन यांच्याकडे गेले. त्यांनी सही करण्यास नकार दिला. त्यांचा स्वाभिमान आदरणीय होता, पण त्यामागे बळ उरले नव्हते. मार्च १९२४ अखेर इब्न सौद यांचा तनखा बंद झाला, त्याच महिन्यात हुसेन यांनी खिलाफतीवर हक्क सांगितला. सप्टेंबरात नज्दच्या फौजा तैफमध्ये शिरल्या. १९२५ च्या अखेरीस जिद्दा पडले. ब्रिटनने आपल्या एका मित्राला दुसऱ्याकडून बुडताना पाहिले आणि तटस्थता पाळली.

२० मे १९२७ च्या जिद्दाच्या तहाने दारीनचा तह रद्द झाला आणि ब्रिटनने इब्न सौद यांचे पूर्ण स्वातंत्र्य मान्य केले. त्याचे आर्थिक मोल सहा वर्षांनी कळले. १९३३ मध्ये तेलाची सवलत देताना त्यांना लंडनची संमती घ्यावी लागली नाही. ब्रिटिशांचे वजन असलेली इराक पेट्रोलियम कंपनी स्पर्धेत असूनही ती सवलत अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाला गेली.

या इतिहासातून इब्न सौद यांच्या चातुर्याचे पोवाडे रचण्याचे कारण नाही; दैव आणि भूगोल दोन्ही त्यांच्या बाजूचे होते. ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच, की बलवानाशी करार करताना आश्वासन किती मोठे आहे याहून, ते देणाऱ्याची गरज उद्या टिकेल काय आणि ती सरल्यावर आपले पाय कशावर उभे असतील, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे असतात. बाजीराव आणि हुसेन यांना ते उशिरा सुचले. पॅलेस्टाइनच्या जनतेला तर ते विचारण्याची संधीच मिळाली नाही, आणि त्या हुंडीचे व्याज ती अजून फेडीत आहे.