वजनाचे ऑपरेशन आणि कंपनी : काय सांगावे, काय आपल्यापाशी ठेवावे



रबाळे, घणसोली, ऐरोलीच्या आपल्या वस्त्यांतून ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसीत रोज माणसे कामाला जातात. कुणी मशीनवर असते, कुणी ठेकेदाराकडे माल चढवते, कुणी ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये हाऊसकीपिंग करते. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा विषय आता या घरांतूनही निघू लागला आहे. साखर आटोक्यात येत नाही, गुडघे बोलू लागतात, रात्री झोपेत श्वास अडकतो. मग डॉक्टर या ऑपरेशनचे नाव काढतात. खर्चाची काळजी असतेच, पण तिच्या जोडीला दुसरी एक काळजी येते : कंपनीत कळले तर? लोक हसतील, सुपरवायझर म्हणेल "आता हिच्याने काम व्हायचे नाही", ठेकेदार दुसरा माणूस बघेल.

ही भीती खोटी नाही. म्हणून कंपनीला काय सांगणे गरजेचे आहे आणि काय सांगायची गरज नाही, हे आम्ही या वेळी मांडत आहोत.

हे ऑपरेशन म्हणजे काय?

पोट सुटले म्हणून चरबी काढून टाकतात, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नसते. सर्वांत जास्त होणाऱ्या प्रकारात दुर्बिणीने जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. उरलेली पिशवी लहान असल्यामुळे थोड्या खाण्यात पोट भरते आणि भूकही कमी लागते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे बायपासमध्ये, आतड्याची जोडणीही बदलतात.

हे हौसेचे ऑपरेशन नाही. वजनाला (किलोत) उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गाने भागले की जो आकडा येतो, तो ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ च्या वर असून आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असेल, तर आरोग्य विम्याच्या नियमांतही हे ऑपरेशन बसते. त्याआधी साध्या उपायांनी वजन उतरलेले नसावे, ही अट असते. दीड मीटर उंचीच्या बाईचे वजन ९० किलो असेल तर तिचा आकडा ४० येतो. म्हणजे हा आजारावरचा उपचार आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण लाज नाही म्हणून सगळ्यांना सांगितलेच पाहिजे, असेही नाही.

दोन माणसे आणि त्यांचे किलो

२०१७ साली मुंबईत जे घडले ते आठवा. फेब्रुवारीत महापालिका निवडणुकीच्या दिवशी एका नामवंत लेखिकेने एका जाडजूड पोलीस अधिकाऱ्याचा फोटो ट्विटरवर टाकून बंदोबस्ताची थट्टा केली. ते अधिकारी मुंबईचे नव्हतेच, मध्य प्रदेशचे होते. आपले वजन खाण्यामुळे नव्हे, आजारपणामुळे वाढले, असे त्यांना साऱ्या देशाला सांगत बसावे लागले. पुढे मुंबईत त्यांच्यावर मोफत शस्त्रक्रिया झाली, तीही कॅमेऱ्यांसमोर. त्याच सुमारास इजिप्तहून एक महिला याच उपचारासाठी मुंबईत आणली गेली. तिचे किती किलो उतरले याची बातमी सतत येत राहिली, आणि शेवटी घरचे लोक व डॉक्टर यांचा वादही टीव्हीवर झाला.

त्यांना मदत मिळाली, हे खरेच. पण स्वतःच्या शरीराची गोष्ट कुणाला, कधी आणि किती सांगायची, हे ठरवणे त्यांच्या हाती राहिले नाही. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. मात्र हा निकाल हातात धरून ठेकेदाराशी भांडणे सोपे नाही. त्यामुळे कागद कुणाच्या हाती जातो, यावर आपणच लक्ष ठेवायचे.

कंपनीला किती सांगायचे?

रजा हवी तर कंपनी डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागणारच. त्यावर इतके पुरते : ऑपरेशन झाले आहे, अमुक तारखेपर्यंत विश्रांती, त्यानंतर अमुक आठवडे हलके काम. ऑपरेशनचे नाव न घालता असे पत्र लिहून द्यावे, अशी विनंती डॉक्टरांना डिस्चार्जच्या आधीच करा. डॉक्टरांनी रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी, हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी जागी लावावी लागते. दाखल होताना ती वाचून घ्या.

सगळ्यात मोठी गळती मोबाईलमधून होते. रजेसाठी डिस्चार्ज कार्डाचा फोटो सुपरवायझरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की तो संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोहोचतो. डिस्चार्ज कार्ड आपल्या फाईलमध्ये राहू द्या. कंपनीला फक्त रजेचे पत्र द्या, तेही पाकिटात घालून, ज्याचे काम आहे त्याच्याच हाती.

कंपनीचा मेडिक्लेम असेल तर क्लेमचे कागद एचआरमार्फत जातात की थेट विमा कंपनीच्या एजन्सीकडे, ते आधी विचारा. थेट पाठवता येत असतील तर तसेच पाठवा. विमा कंपनीपासून मात्र काहीही लपवू नका. स्वतःची पॉलिसी काढताना आधीचे ऑपरेशन लपवले, तर पुढचा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

ईएसआय कार्ड असेल तर

महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या कामगारांना ईएसआय लागू होते. ठेकेदाराच्या माणसालाही ती लागू असते. आपला नंबर आहे का, ते पगाराच्या स्लिपवर पाहा. सहा महिन्यांच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. प्रमाणपत्र साधारणपणे ईएसआयच्या डॉक्टरांचे लागते. म्हणून बाहेर ऑपरेशन करण्याआधी आपल्या दवाखान्यात किंवा वाशीच्या ईएसआय रुग्णालयात विचारून घ्या.

ही योजना आपसूक आलेली नाही. प्रा. बी. पी. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ साली दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. त्यातून पुढे आलेल्या १९४८ च्या कायद्यातील कलम ७३ सांगत होते की, प्रमाणित आजारपणाच्या रजेवर असलेल्या कामगाराला मालकाने कामावरून काढू नये आणि शिक्षाही करू नये. कार्ड नुसते खिशात ठेवू नका, वापरा.

काय लपवू नये?

इथे आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. ऑपरेशनचे नाव लपवता येते, पण पोटाला टाके आहेत हे लपवून चालत नाही. बैठे काम बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत सुरू करता येते. जड उचलणे मात्र साधारण चार ते सहा आठवडे बंद ठेवावे लागते. नेमकी मुदत आपले डॉक्टर सांगतील. "कुणाला कळायला नको" म्हणून दहाव्या दिवशी गोणी उचलली, तर हर्निया होऊ शकतो. हलक्या कामाचे पत्र न लाजता दाखवा.

कंपनीच्या डॉक्टरांना खरे ते सांगा. त्यांनी व्यवस्थापनाला "कामास योग्य" किंवा "हलक्या कामास योग्य" एवढेच कळवावे, अशी विनंती करा.

शिफ्टमधल्या एका तरी विश्वासू माणसाला पूर्ण कल्पना द्या. मधुमेहाचे औषध ऑपरेशननंतर बहुधा कमी करावे लागते. ते वेळेवर बदलले नाही तर साखर एकदम उतरून चक्कर येते. बायपास झालेल्यांना गोड खाल्ल्यावर घाम, धडधड आणि गरगर होऊ शकते. अशा वेळी काय करायचे, हे शेजारी उभ्या असलेल्याला माहीत हवे. सतत उलट्या, पोटात जोराची कळ, ताप किंवा न थांबणारी धडधड असेल, तर शिफ्ट संपायची वाट न पाहता रुग्णालय गाठा. अंगदुखीची गोळीही मनाने घेऊ नका. काही वेदनाशामक गोळ्यांनी जठराला जखम होते. दारू तर नकोच.

लोक विचारतील तेव्हा

काही महिन्यांत कपडे सैल होतात, केसही गळतात. मग डब्याच्या वेळी प्रश्न सुरू होतात : "काय गं, टीबी झालाय का?" खोटा आजार सांगू नका. एका खोट्याला दुसरे जोडावे लागते, आणि आपले चौथे शीलही ते नको म्हणते. पण खोटे न बोलणे वेगळे आणि सगळे सांगणे वेगळे. "पोटाचे ऑपरेशन झाले, डॉक्टरांनी थोडे थोडे खायला सांगितले आहे" हे वाक्य पूर्ण खरे आहे आणि तेवढेच पुरे आहे. पुन्हा विचारले तर "तब्येत आता बरी आहे" म्हणा आणि त्यांच्या घरची खुशाली विचारा.

घरच्यांनीही ही सीमा पाळावी. पेशंटने जे कंपनीत सांगितले नाही, ते सासूबाईंनी नळावर किंवा मुलाने स्टेटसवर सांगू नये. घरातल्या माणसाने मात्र जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची आठवण ठेवावी. त्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. मूल हवे असेल तर किमान वर्ष-दीड वर्ष थांबावे लागते, हेही नवरा-बायकोने आधीच डॉक्टरांसमोर बोलून घ्यावे.

आणि आपल्या शेजारी कुणी असे बारीक होताना दिसले, तर "काय झाले" विचारण्याऐवजी "बरी आहेस ना?" एवढेच विचारू या. सांगायचे असेल तर ती सांगेल.