डोंगरावरील वारा आणि डोक्यावरचे छप्पर

सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला पावसाचे आणि दरडीचे भय ठाऊक असते. वाऱ्याची दखल मात्र तो छप्पर उडाल्यावरच घेतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि घरांचे व शाळांचे पत्रे उडाले. हे वादळ सह्याद्री ओलांडून मावळ-जुन्नरपर्यंत गेले. ‘डोंगर वारा अडवतो’ ही आपली समजूत अर्धीच खरी आहे.

डोंगर वाऱ्याला अडवतो, तसाच त्याला वळवतो आणि वेगही देतो. कड्यावर आदळलेली हवा वर चढते व माथ्यावरून वेगाने निसटते. दोन डोंगरांमधील खिंडीत तीच हवा अरुंद वाटेने कोंडली जाते आणि तिचा वेग वाढतो. नाणेघाट हे त्याचे उत्तम उदाहरण. सातवाहन काळात कोकणातील बंदरांचा माल ज्या खिंडीतून जुन्नरकडे चढत होता, त्याच खिंडीतून पावसाळी वाराही चढतो. तेथील धबधब्याचे पाणी तो उलट वर उधळतो. माथा ओलांडलेला वारा पलीकडच्या उतारावर भोवरे घालीत कोसळतो. म्हणून डोंगराआडचे घर सुरक्षितच असेल, असे समजू नये.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे ४७ किलो वजनाइतका दाब देतो. छपरावरून वाहताना तो पत्रा वर ओढतो. त्याच वेळी वाऱ्याच्या बाजूचे दार उघडे राहिले, तर आत शिरलेली हवा पत्र्याला खालून ढकलते. दहा फूट लांब व तीन फूट रुंद पत्र्यावर हे बल शंभर किलोंच्या पुढे जाऊ शकते. त्यावर ठेवलेले चार दगड काय करणार?

हे मी अनुभवाने शिकलो. पूर्वी मी ज्या निवासी शाळेत होतो, तेथे मे महिन्यातील वळवाच्या वाऱ्याने एका वर्गाचे छप्पर उचलले आणि पत्र्यावरचे दगड बाकांवर पडले. सुट्टी होती म्हणूनच मुले वाचली. छपराच्या दुरुस्तीचा अर्ज त्यापूर्वी दोन वर्षे फिरत होता. गावाबाहेरच्या उघड्या माळावर, पत्र्याखाली कोणाच्या वस्त्या असतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला निराळे सांगावे लागत नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. पत्रा वाशांना हुक व वॉशरने, वासे भिंतींना लोखंडी पट्टीने जखडलेले असावेत. कडा व कोपरे येथे ओढ सर्वांत जास्त असते. तेथे हुक जवळजवळ लावावेत. दगड काढून टाकावेत. छपरावर झुकलेल्या फांद्या वळवाआधी छाटाव्यात. हवामान खात्याचा नारंगी वा लाल इशारा आला की मुलांना पक्क्या स्लॅबच्या खोलीत, खिडक्यांपासून दूर बसवावे आणि दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. चक्रीवादळात वारा एकाएकी थांबला तरी बाहेर पडू नये. केंद्र सरकले की तो उलट दिशेने येतो.

सहलीत वारा वाढला तर माथा, कडा व खिंड सोडून खाली उतरावे, छत्री मिटावी, एकट्या झाडाखाली थांबू नये. घाटात दुचाकीस्वाराने झाड, खांब व सुटी दरड टाळून थांबावे. वादळ सरल्यावर पडलेल्या तारेला, ती निर्जीव दिसली तरी, कोणी हात लावू नये. पत्रे पुन्हा बसविण्याची घाई ओल्या छपरावर चढून करू नये. ‘निसर्ग’नंतर पाऊस तोंडावर होता, तशी घाई पुढेही होईल. यासाठी ताडपत्री आणि दोर वसतिगृहात आधीच आणून ठेवलेले असावेत.