घन इलेक्ट्रोलाइट: अडचण नेमकी कुठे आहे?

लिथियम बॅटरीतला ज्वलनशील द्रव काढून तिथे घन इलेक्ट्रोलाइट घातला की आगीची भीती संपली, हा समज आता पक्का रुजला आहे. तो खरा नाही. एप्रिल 2022 मध्ये पॅरिसमध्ये एकाच महिन्यात दोन इलेक्ट्रिक बस जळाल्या आणि त्या प्रकारच्या 149 बस काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. त्यांच्या बॅटरीत लिथियम धातू आणि घन पॉलिमर होता. एवढ्यावरून सगळ्याच घन बॅटऱ्यांना दोष देता येत नाही, कारण ऑक्साइड सिरॅमिक पेटत नाही. पण पॉलिमर जळू शकतो, सल्फाइडला ओलावा लागला की विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि लिथियम धातू 180 अंशांनाच वितळतो. सुरक्षितता ठरते ती कोणता घन पदार्थ कशाला लागून बसवला आहे यावर.

घन पदार्थातून आयन जलद जाऊ शकत नाहीत, हा दुसरा समजही जुना झाला. पॉलिमरला त्यासाठी 60 ते 80 अंशांची ऊब लागते, हे खरे. मात्र 2011 मध्ये र्‍योजी कान्नो यांच्या जपानी गटाने खोलीच्या तापमानाला सेंटिमीटरला 12 मिलिसीमेन्स वाहकता असलेला सल्फाइड दाखवला. द्रव इलेक्ट्रोलाइट साधारण तेवढीच देतो. म्हणजे वहनाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. काम अडले आहे ते दोन पदार्थ एकमेकांना भिडतात त्या सीमेवर. द्रव इलेक्ट्रोडच्या प्रत्येक छिद्रात शिरतो. घन कण मात्र एकमेकांना मोजक्या ठिकाणीच टेकतात. त्यातच चार्ज-डिस्चार्ज होताना इलेक्ट्रोड फुगतो आणि आकसतो, कण सुटतात, फटी पडतात आणि रोध वाढतो. प्रयोगशाळेत सेलवर मोठा दाब देऊन हे सावरता येते, पण गाडीत तो दाब टिकवणारी चौकट वजन आणि खर्च दोन्ही वाढवते. कठीण सिरॅमिक लिथियमचे काटे, म्हणजे डेंड्राइट, अडवेल ही आशा 2005 मधल्या मनरो आणि न्यूमन यांच्या गणितावर उभी होती. ते गणित एकसंध पदार्थाचे होते. 2007 मध्ये पुढे आलेला गार्नेट ऑक्साइड लिथियमपेक्षा कितीतरी ताठ आहे, तरीही लिथियम त्याच्या सूक्ष्म भेगांतून आणि कणांच्या सीमांवरून आत घुसतो.

मग एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारेल. ग्रॅफाइट ग्रॅममागे 372 मिलिअँपिअर-तास साठवतो, लिथियम धातू 3860. द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये हा धातू फार काळ नीट टिकत नाही, म्हणून घन मार्ग सोडून चालणार नाही. अर्थात हा दहापट फरक एका इलेक्ट्रोडचा आहे. बाकीच्या भागांचे वजन धरले की पूर्ण बॅटरीचा लाभ बराच कमी भरतो. शिवाय ‘सेमी-सॉलिड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांत थोडा द्रव असतोच. म्हणून घन बॅटरीची जाहिरात दिसली तर चार गोष्टी विचारा: इलेक्ट्रोलाइट कोणता, चाचणी किती तापमानाला, किती दाबाखाली आणि किती चार्ज-डिस्चार्ज फेऱ्यांची.